कोपऱ्यातला कागद

आमचं घर एकजीव आहे, असं मी चाळीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो. मोठी खोली आजोबांची: चपट्या, खरपूस भाजलेल्या विटा, चुन्यात बसवलेल्या. मागची खोली माझी, लग्नाआधी आठ दिवसांत उभी केलेली. नवी भिंत जुन्या भिंतीला जोडायची तर जुनीतली एकाआड एक वीट फोडून दात करायचे, नव्या विटा त्यांत अडकवायच्या. मुलाला गवंडीकाम शिकवलं ते हाच कोपरा दाखवून.

त्याच कोपऱ्याला लागून तो आता माझ्या भिंतीत दार पाडत होता. टेकू लावला नव्हता. "जुन्या भिंतीनं धरलंय की," तो सुनेला म्हणाला. "बाबांचं काम आहे."

कोपऱ्यातल्या बारीक भेगेवर त्यानं सकाळी कागद चिकटवला होता. भिंत हलली तर तो फाटणार. मी समोर खुर्चीवर चहा पीत बसलो होतो. सहज लक्ष गेलं. कागद वरून बोटभर फाटला होता.

"जरा बाहेर ये," मी म्हणालो. "चहा गार होतोय."

"दोनच विटा राहिल्यात, बाबा."

छिन्नीवर हातोडा पडला. कागद आणखी फाटला. तरी माझी जीभ रेटेना. सुनेसमोर, या वयात! सांगायला लाज वाटते, पण पोराच्या जिवाआधी मला माझी अब्रू दिसली.

त्यानं पुन्हा हातोडा उचलला.

"तिथे दात नाहीत!" मी ओरडलो. "विटा फुटेनात, लग्न तोंडावर आलं होतं. नुसती भिंत टेकवून गिलावा मारला मी. नीघ बाहेर!"

तो हसला. मी थट्टा करतोय असं वाटलं त्याला. मग त्यानं माझा चेहरा पाहिला आणि हातोडा तिथेच टाकला. सुनेनं दंडाला धरून त्याला खेचलं. कोपरा कोसळला तेव्हा त्याची एक चप्पल आतच होती.

धूळ बसल्यावर आजोबांची भिंत दिसली. एकही वीट फोडलेली नव्हती. त्यांनी दिलेला निळा रंगसुद्धा जसाच्या तसा.

मुलगा बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिला. "मी कुठल्याच कामात एक वीट चुकवली नाही," तो म्हणाला. "कंटाळा आला की हा कोपरा आठवायचो."

कुठे तोंड लपवू असं मला झालं. त्यानं छिन्नी उचलून माझ्या हातात दिली.

"दात करा," तो म्हणाला. "मी टेकू लावतो."

पहिली वीट फुटायला दुपार झाली. अजून अकरा बाकी होत्या.