जळका टाका

जळल्या लोकरीचा वास आला की मला रुक्माची, माझ्या बायकोची, ती संध्याकाळ दिसते. खुर्सीपारच्या आमच्या खोलीपुढं ती बसलेली, कारखान्याच्या अंगाला आभाळ तांबडं झालेलं. माझ्या तोंडातली पेटती बिडी काढून तिनं ती नुकत्याच विणलेल्या, तळहाताएवढ्या तुकड्याला टेकवली. एक टाका जळला. "धरा इकडून. ओढा नं जोरानं, लाडानं काय धरून राहिले." मी ओढलं. भोक होतं तेवढंच राहिलं. ती गालात हसली. दोघांनी मिळून केलेलं आमचं ते शेवटचं काम.

कारखाना तेव्हा उभा होत होता अन् मी तिथं वेल्डर. हिवाळ्यात बोरीखाली बोरं पडावी तशा ठिणग्या अंगावर पडत. रुक्मानं पहिला स्वेटर मऊ व्हावा म्हणून सैल विणला. छातीवर एक ठिणगी पडली आणि सुट्टी होईतो टाक्याखाली टाका सुटत शिडी पार कमरेपर्यंत उतरली. ती रागावली नाही. तेव्हापासून कुठलीही वीण आधी जाळून पाहायची, जळक्या टाक्यात अंगठा घालायची, मान कलती करून तुकडा कानाशी ताणायची. टाका सुटताना बारीक बोलतो म्हणे. मला कधी ऐकू आला नाही, माझ्या कानात दिवसभराचे घण भरलेले. नवऱ्यावरचा राग लोकरीवर काढते, असं शेजारच्या वच्छलाबाई चिडवायच्या. ही सुई न थांबवता म्हणायची, "भोक त पडनारच. ते पसरू नये, येवढंच आपल्या हाती."

त्या संध्याकाळी तीच वीण तिनं नव्या स्वेटरला धरली, निजेपर्यंत चार बोटं विणली. पहाटे छातीत कळ आली. उजाडायच्या आत ती गेली.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. विणकाम तिच्यासंगं जाऊ द्या, असं कोणी म्हणालं. वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, मी पुरा करून देते. मी नुसता सुईवरचे उघडे टाके पाहत होतो. सुई निसटली असती तर तिचं सगळं उसवलं असतं. दोन्ही हातांत धरून ते मी बाईंपुढं नेलं.

"पुढे विनू नका, बाई. जिथं हाय तिथंच बंद करून द्या."

उंबऱ्यावर बसून त्यांनी एकेक टाका मिटवला. शेवटचा धागा तुटेपर्यंत मी उभा राहिलो, मग तिरडीला हात लावला.

कैक हिवाळे गेले. चार बोटांची ती वीण अंगाला कुठंच पुरत नाही, उसवतही नाही.