जिल्ह्याच्या पाटीपाशी उचललेलं पातं

ऱ्योनच्या डोंगरात आमचं होलरबाख आधीच आडबाजूला. त्यात बाहत्तर साली राजधानीतल्या कुणा शहाण्यानं जिल्ह्यांची मोडतोड केली. गाव टाकलं ग्राउएनरोड जिल्ह्यात, आणि गावच्या रस्त्याचं गिरणीजवळचं वळण तेवढं ठेवलं जुन्या लिंडेनफुर्ट जिल्ह्यात. का, तर गिरणीवाल्याला जुना जिल्हा सोडवेना. गिरणी कधीच पडली. वळण अजून त्यांचंच.

आमच्या जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी माझा मेहुणा एकहार्ट चालवतो. जिल्ह्याची पाटी आली की हा गाडीचं पातं उचलतो, वळण ओलांडतो, आणि पलीकडं पुन्हा खाली टाकतो. मधला बर्फ जिथल्या तिथं. लिंडेनफुर्टवाले तिथं येतात सगळ्यात शेवटी, मनात आलं तर.

त्या सकाळी दुधाचा टँकर वळणाखाली अडकला. माझी दुधाची टाकी काठोकाठ भरलेली, आणि संध्याकाळी गाई पुन्हा पिळायच्या. ड्रायव्हरचा फोन आला, "थोडा वेळ थांबतो, मग निघतो."

तेवढ्यात एकहार्ट अंगणात हजर. चाकांना साखळ्या लावलेल्या त्याच्या धुडाला बर्फात काय होतंय!

"दाजी, कॉफी होऊ द्या."

"आधी मागं जा अन् वळण साफ कर!"

"ते आपल्यात येत नाही. तिथं उद्या कुणी घसरलं तर साहेब मला धरतील."

"अरे, इथं दूध ओतायची पाळी आलीय!"

"लिंडेनफुर्टला फोन करा की."

"केला! ते म्हणतात, तुमचं गाव आमच्यात नाही!"

माझी बायको इर्मट्राउट दारात आली. "एकहार्ट, आलुबुखाराचा केक केलाय. पण हा उंबरा लिंडेनफुर्टमध्ये येतो बघ."

"ताई, चेष्टा पुरे. गारठलोय मी."

"मग तिकडं अर्ज कर." दार धाडकन बंद.

पुटपुटत गेला बिचारा. खालून पातं डांबरावर खरवडल्याचा आवाज आला तसा मी ट्रॅक्टर घेऊन पळालो. वळण लख्ख! आणि खाली टँकरच्या चाकांच्या नुसत्या खुणा, मागं वळलेल्या. फोन लावला तर म्हणतो, "आता परवाच."

टाकीची तोटी सोडली, दूध शेणखड्ड्यात. एकहार्ट टोपी काढून शेजारी उभा.

घरात नेला त्याला. कॉफी पुढं आली, तर सवयीनं दूध मागितलं पठ्ठ्यानं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

"काळीच पितो," म्हणाला.