बाबांच्या रेडिओतला कंडेन्सर

दादाने गिटार काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "ठमे, टोनचं बटण मेलंय. कितीही फिरव, आवाज बदलतच नाही. कपॅसिटर गेला असणार. परवा कार्यक्रम आहे, बदलून दे."

गेल्या बावीस वर्षांत त्याने ही गिटार माझ्या दुकानात आणली नव्हती. मिक्सर आणला, इस्त्री आणली, वहिनीचा हेअर ड्रायर तर दर दोन महिन्यांनी. पण गिटार नाही. तिला काही झालं की घरीच खाटखूट करायचा. मला राग यायचा. सगळ्या जगाचे पंखे दुरुस्त करते मी, आणि सख्ख्या भावाला माझ्या हाताचा भरवसा नाही! पण चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे खोदून कधी विचारलं नाही.

कारण त्या गिटारीतला कंडेन्सर मी एकतीस वर्षांपूर्वी मोडला होता आणि हे कुणालाही सांगितलं नव्हतं. (दादा 'कपॅसिटर' म्हणतो. स्टेजवर गेलेला माणूस, आमच्यासारखं कसं बोलेल?) वस्तू करंगळीच्या पेराएवढी. टोनचं बटण खाली आणलं की आवाजातला टोचरेपणा ती गिळून टाकते आणि सूर मऊ होतो, एवढंच तिचं काम. पण ही बाबांनी दिलेली होती.

हे दुकान बाबांचं. दादाने गिटार विकत घेतली तेव्हा ते दीड महिना त्याच्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःचा रेडिओ उघडून बसले. रोज बातम्या ऐकायचा तो रेडिओ. त्यातून हा तपकिरी कंडेन्सर काढला, दादाच्या गिटारीत घातला, बटण फिरवून पाहिलं आणि "हं" म्हणाले. रेडिओ त्या दिवसापासून मुका झाला. तो अजून माझ्या फळीवर आहे. बाबांनी दादाच्या वाजवण्याचं केलेलं कौतुक म्हणजे तेवढं एक "हं".

ते गेल्यावर चार महिन्यांनी दादाने बटणाची खरखर काढायला गिटार मला दिली. मी बावीस वर्षांची, हात मोठे शहाणे. कंडेन्सर बाजूला करताना त्याची तार मुळासकट उपटून आली. आतला कागद गुंडाळीसारखा बाहेर पडला. दादाचा त्याच रात्री कार्यक्रम होता. मी कंडेन्सरची नळी पोकळ केली, आत एक स्वस्तातला चपटा कंडेन्सर बसवला, कापूस कोंबला आणि दोन्ही तोंडं मेणबत्तीच्या मेणाने बुजवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या रात्री दादाने पहिल्यांदा माइकवर सांगितलं, "हा जो मऊ आवाज ऐकताय ना, तो माझ्या वडिलांच्या रेडिओतला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या चपला बघत होते. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला तेच वाक्य आणि त्याच माझ्या चपला.

आणि आता गिटार समोर आणि दादाही समोर.

"ठेवून जा, उद्या देते," मी म्हटलं.

"बसतो की. मला काय घाई आहे?" त्याने स्टूल ओढलं. चहा आला तेव्हा त्याच्या कपातला अर्धा बशीत सांडला. मी पाहिलंय हे दिसताच त्याने तो हात खिशात घातला.

"वहिनीने काही आणायला सांगितलं नाही?"

"हाकलतेयस मला?"

आता काय बोलणार! मी मागचं झाकण उघडलं. नळी होती तिथेच होती. सोल्डर तापवून दोन्ही तारा सोडवल्या. दादा म्हणाला, "नवीन घाल, पण जुना फेकू नकोस." माझा जीव भांड्यात पडला. नवीन घालायचा, जुना जसाच्या तसा त्याच्या हातात द्यायचा, की सुटले. मीटर लावून पाहिलं तर काटा हलेना. नळी कानाशी धरून हलवली.

आत काहीतरी खडखडलं.

असं व्हायला नको होतं. मी कापूस ठासून भरला होता. चष्मा वर करून नळी डोळ्यांजवळ नेली. एका तोंडाला मेण होतं, ते माझंच, पिवळं पडलेलं. दुसऱ्या तोंडाला मेण नव्हतंच. तिथे खिडकीच्या काचेला लावतात ते लुकण होतं, वाळून दगड झालेलं, वर अंगठ्याचा ठसा.

माझा स्वभाव वाईट. बंद डबी दिसली की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय घास उतरत नाही. शहाणी असते तर नळी गुपचूप त्याच्या हातावर ठेवली असती. पण हे लुकण कुणाचं? मी दादाकडे पाठ केली, दिवा खाली ओढला आणि बारीक पेचकसाने लुकण उकरलं.

आधी कापूस निघाला. माझाच कापूस, काळवंडलेला, पण नीट घडी घालून परत ठेवलेला. मग कंडेन्सर निघाला. माझा चपटा, पिवळा होता. हा हिरवा. आणि त्याच्या तारेवर सोल्डरचा एवढा मोठा गोळा, आतून कच्चा, तारेला न धरलेला. तोच खडखडत होता.

तो गोळा पाहिला आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला. लहानपणी दादा या टेबलावर सोल्डर करायला बसला की बाबा म्हणायचे, "अरे, टाका दिलायस की गोगलगाय बसवलीयेस?" अख्ख्या घराण्यात असा टाका देणारा एकच माणूस.

मी वळले. दादा फळीवरच्या रेडिओकडे बघत होता.

"हे कधी उघडलंस तू?"

"बावीस वर्षं झाली. गिटार गाडीत उन्हात राहिली. उघडून पाहिलं तर एका तोंडाचं मेण वितळलेलं, आत भलताच पिवळा कपॅसिटर, तोही मेलेला. म्हटलं, रेडिओवाल्यांनी मेणबत्ती कधीपासून वापरायला सुरुवात केली?"

"आणि त्याआधी नऊ वर्षं?"

"त्याआधी काय! मी लोकांना सांगत होतो, या कपॅसिटरला जगात तोड नाही." तो हसायला लागला. "काडीचाही फरक कळला नाही मला, ठमे. कान म्हणे कलाकाराचा!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही फुटलं. एकतीस वर्षांचं ओझं असं हसण्यावारी जातं याचा मला रागसुद्धा आला. "मग बोलला का नाहीस? आणि माइकवर ते वाक्य कशाला म्हणत राहिलास, खोटं आहे हे माहीत असताना?"

"म्हणायचं थांबवलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तू पहिल्या रांगेत बसायला आली असतीस?"

नसतेच आले. तोंडच दाखवलं नसतं. त्याने माझ्यापाशी गिटार का आणली नाही, ते आता समजलं. आतला हिरवा कंडेन्सर मला दिसू नये म्हणून. त्याला माझ्या हाताचा भरवसा नाही, असं मी बावीस वर्षं वहिनीपाशी कुरकुरत होते.

"मग आज का आणलीस?"

त्याने खिशातला हात काढून काउंटरवर ठेवला. बोटं थरथरत होती, अगदी बारीक, सतत.

"तारा छेडतो अजून. वाजवायला लागलो की थांबतं. पण सोल्डरची गन धरता येत नाही. दोनदा पोळलो. शेवटी म्हटलं, आता तुझ्याकडेच."

डॉक्टरला दाखवलं का, काय म्हणाले, कधीपासून, हे सगळं मी एका दमात विचारलं. त्यानेही एका दमात सांगितलं. कार्यक्रम अजून चार-पाच होतील, फार तर. परवाचा त्यातला एक.

मी खणातून नवा कंडेन्सर काढला. मीटरवर तपासला. नळी पुसली. "यातच घालू ना?"

"मग काय उघडा ठेवणार? बाबांची नळी आहे."

"ये इकडे. टाका तू दे."

"वेडी आहेस का?"

"ये म्हणते ना."

तो टेबलाच्या या बाजूला आला. मी त्याच्या हातात सोल्डरची तापलेली गन दिली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. थरथर माझ्या हातात आली, पण टोक जागेवर राहिलं. सोल्डर वितळलं, पसरलं, थांबलं.

बटण फिरवून पाहिलं. सूर मऊ झाला, परत तीक्ष्ण झाला, परत मऊ.

"हं," दादा म्हणाला.

टाका नेहमीसारखाच आला होता, गोगलगायीएवढा. दुसऱ्या कुणाचा असता तर मी तो उकरून नव्याने दिला असता. याला हात लावला नाही. फक्त तारेला धरलाय ना, ते दोनदा ओढून पाहिलं.