आपल्याच विजेचा वारा

मास्तरांनी आयुष्यात कापडाची चिंधी कधी फेकली नव्हती. मोठ्या तुकड्याचा आतला खिसा व्हायचा, लहान तुकड्याचे अस्तर, आणि ज्याचे काहीच होण्याजोगे नसेल त्याचे गरम भांडी उतरवायचे फडके. अशा शिंप्याच्या कानावर एके दिवशी बातमी आली, की घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यास सरकार अनुदान देत आहे. माथ्यावर पडणारे ऊन आजवर निव्वळ वाया जात होते, ही जाणीव त्यांना प्रथमच झाली आणि ती त्यांना स्वस्थ बसू देईना.

योजना सरळ होती. खर्चाचा मोठा वाटा सरकार परत करणार होते. शिवाय दिवसा घरात वापरून उरलेली वीज कंपनीच्या तारेवर जाणार, ती मास्तरांच्या नावे जमा होणार आणि वर्षअखेरीस जी शिल्लक उरेल तिचे पैसे मिळणार.

विरोध झाला तो फक्त बाबांचा. मास्तरांचे वडील हाडाचे गवंडी. या घराचा स्लॅब त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी घातला होता, आणि त्याला कोणी छिद्रे पाडणार ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तथापि मुलाचा उत्साह पाहून त्यांनी माघार घेतली. पॅनेल बसले, यथावकाश अनुदानही बँकेत जमा झाले, आणि मास्तरांची मान गल्लीत ताठ झाली.

घराच्या दारापाशी कंपनीने नवा मीटर लावला होता. त्याच्या काचेत एक लहानसा बाण दिसे. वीज घरात येत असली की तो आत वळलेला असे आणि बाहेर जात असली की बाहेर. या बाणाने मास्तरांना अक्षरशः वेड लावले. शिलाई अर्धी टाकून ते उठत, काचेत डोकावत आणि समाधानाने परत येऊन बसत. दुपारच्या उन्हात बाहेर जाणारी वीज म्हणजे आपली मिळकत, असे त्यांच्या मनाने घेतले. मग त्या मिळकतीत घट नको म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांच्या कपड्यांची इस्त्री दुपारऐवजी संध्याकाळी करण्याचे फर्मान काढले. इस्त्रीचे काम पत्नीकडे होते. दिवसभर उभे राहून संध्याकाळी पुन्हा इस्त्रीपाशी उभे राहणे तिच्या जिवावर येई, पण त्या काळात मास्तरांशी वाद घालणे म्हणजे भिंतीशी बोलणे होते.

शेवटी पाळी आली बाबांच्या खोलीतल्या पंख्याची.

मास्तर त्यांना म्हणाले, "बाबा, दुपारी ऊन ऐन भरात असतं. तेवढा वेळ पंखा बंद ठेवला तर सगळी वीज बाहेर जाईल."

बाबा म्हणाले, "बरं."

बाबांच्या 'बरं'मध्ये किती गोष्टी मावतात हे सुनेला ठाऊक होते, मुलाला नव्हते. दुसऱ्या दिवसापासून जेवण झाले की बाबा अंगात सदरा चढवत, पाय मोकळे करून येतो म्हणत आणि ऊन उतरल्यावरच घरी परतत. चालणे तब्येतीला चांगले, असे म्हणून मास्तरांनी मनाचे समाधान करून घेतले.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी जेवताना बाबांनी सहज सांगितले, की आता आपण लेकीकडे राहायला जाणार. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचे. मास्तरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. कारण विचारले तर बाबा एवढेच म्हणाले, की तिकडे जरा बरे वाटेल. स्वतःच्या हाताने बांधलेले घर सोडून म्हातारा माणूस निघतो, यापेक्षा मोठी नाचक्की मुलाच्या वाट्याला कोणती यावी? छिद्रांचा राग बाबांनी मनात धरला, असे मास्तरांनी ठरवले आणि रात्रभर तळमळत राहिले.

सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, बाबा दुपारी कुठे जातात, ते एकदा तरी बघितलंत का?"

मास्तरांनी बघितले नव्हते. त्या दुपारी ते मशीन झाकून निघाले आणि फार लांब जावेच लागले नाही. शेजारच्याच सलूनमध्ये, गिऱ्हाइकांच्या बाकावर, भिंतीला डोके टेकून बाबा झोपले होते. हातातले वर्तमानपत्र मांडीवर घसरले होते. वर एक जुना पंखा कुरकुरत फिरत होता आणि त्या वाऱ्याने बाबांचे विरळ पांढरे केस हलत होते. मास्तर उंबऱ्यातच खिळून राहिले.

सलूनवाला एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. वस्तरा न थांबवता तो हळू आवाजात बोलला, "या मास्तर. उठवू नका त्यांना, आत्ताच डोळा लागलाय."

मास्तरांनी ओशाळून विचारले, की हे रोजच इथे येतात काय.

"रोज. मला कसला त्रास? उलट बरंच आहे. आमचा वायरमन सांगत होता, मास्तरांच्या घरून निघालेली वीज काही लांब जात नाही, खांबावरून पहिली तुझ्याच दुकानात शिरते." त्याने वस्तरा पुसला. "म्हणजे बघा, वीज तुमची, वडील तुमचे. माझा आपला नुसता पंखा."

फेसाखालचे गिऱ्हाईक खुसखुसले. सलूनवाल्याने त्याची हनुवटी धरून दटावले, "हसू नका साहेब, कापेल."

या आवाजाने बाबा जागे झाले. मुलाला पाहून ते गडबडले, चोरी पकडली गेल्यासारखे सावरून बसले.

"घरी चला, बाबा," मास्तर म्हणाले.

"येतो ना. जरा ऊन उतरू दे. आत्ता बाण बाहेर असेल."

या बोलण्यात टोमण्याचा लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच ते मास्तरांच्या काळजात रुतले. ते बाबांच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी खालच्या आवाजात विचारले, की लेकीकडे जायचे ते याचसाठी काय.

बाबा म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे. पण इथं येणारे-जाणारे विचारायला लागले, घरी पंखा नाही का म्हणून. तुझं नाव खराब व्हायला नको. लेकीकडे गेलो की कोण विचारतंय?"

ज्या नावापायी मास्तरांची मान एवढी ताठ झाली होती, ते नाव हा म्हातारा परक्या बाकावर बसून राखत होता.

"बाबा, मी चिंधी वाचवायला गेलो आणि अख्खं ठाण कापून बसलो. उठा."

बाबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले, वर्तमानपत्राची नीट घडी करून बाकावर ठेवली आणि ते उठले.

घरी येताच मास्तरांनी बाबांच्या खोलीतला पंखा पूर्ण वेगाने लावला आणि सवयीने त्यांची पावले मीटरकडे वळली. बाण बाहेरच होता. त्यांनी पुन्हा निरखून पाहिले. पंखा फिरत होता, तरीही बाण ढळला नव्हता. छतावर एवढे ऊन पडत होते, की एका पंख्याचे त्याला काहीच वाटत नव्हते. किंबहुना ही गोष्ट त्यांना कोणत्याही दुपारी पाहता आली असती. त्यांनी फक्त पंखा बंद करून पाहिले होते, लावून कधी पाहिलेच नव्हते.

लेकीकडे जाण्याचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही.

वर्ष भरल्यावर शिल्लक विजेची रक्कम जमा झाली ती अगदीच किरकोळ. दुपारी बाहेर पाठवलेली वीज संध्याकाळच्या इस्त्रीने परत आत ओढून घेतली होती. पत्नीने ते बिल वाचले, इस्त्री उचलली आणि भर दुपारी कामाला लागली. मास्तरांनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला.

बाबांनी विचारले, "तेवढ्या पैशांत एक पंखा येईल का?"

"तुमच्या खोलीला आहे की, बाबा."

"माझ्या नाही. शेजारचा फार कुरकुरतो."

तेवढ्यात नवा पंखा येण्यासारखा नव्हता. तेव्हा मास्तरांनी सलूनमधला जुनाच उतरवून नेला आणि त्याचे बेअरिंग बदलून आणले. आताही बाबा कधीमधी दुपारी सदरा चढवून सलूनमध्ये जातात. निघताना आपल्या खोलीतला पंखा बंद करायला ते विसरत नाहीत, आणि मास्तर मशीनवरून विचारतात, "बाबा, लवकर याल ना?"