पांढऱ्या फ्रॉकला खिसा

"फ्रॉकला खिसा पाहिजे," चिमणीने पुन्हा सांगितलं. तिची आई हूं की चूं करेना. करणार कशी? दातांत टाचण्या धरलेल्या. त्या काढून ती म्हणाली, "पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या फ्रॉकला खिसा? वेदीसमोर चाललीयेस की बाजारात?"

"लहानसा. आतल्या बाजूला."

पलंगावरून सासूबाई हसल्या. "दे गं शिवून. पोरीने खिसा मागितलाय, राजवाडा नाही."

अंथरुणाला खिळल्यापासून सासूबाईंचं जग त्या पलंगाएवढंच होतं. जुन्या घरी असताना तिथले फादर त्यांना दर महिन्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला येत. इथे राहायला आल्यापासून ते बंद पडलं. आईच्या मनात होतं, चर्चमध्ये सांगायचं. पण कुठल्या तोंडाने बोलवायचं? एकच खोली, मधोमध शिलाईचं मशीन, आणि चहूकडे गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग. घर आवरलं की बोलावू, असं ती रोज म्हणे. आणि शिवणारीचं घर काही आवरत नसे.

रविवारच्या ख्रिस्तप्रसादाचा आधी सराव होता; त्या दिवशी चिमणीला घेऊन ती चर्चमध्ये जरा लवकरच पोहोचली. धर्मशिक्षणाच्या वर्गात बाई एकट्याच होत्या. आठवडाभर पोस्टाच्या खिडकीमागे बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. मुलांनी त्यांचं नाव पाडलं होतं मगपुढेबाई. कुणी काही सांगितलं, काही सांडलं, कुणाला बोचकारलं, तरी बाईंचा प्रश्न एकच : "बरं, मग पुढे?"

आत्ता त्या रिकाम्या खुर्च्यांमधून फिरत होत्या. एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या, त्या मुलाचं नाव पुटपुटायच्या, मग पुढची खुर्ची. आई दारातच थबकली. चिमणीच्या खुर्चीपाशी बाई जरा जास्तच रेंगाळल्या. आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवतो ना, अगदी तसा हात होता तो.

सराव सुरू झाला. ख्रिस्तप्रसादाला देतात तसली, पण पवित्र न केलेली, साधीच पातळ भाकर इथले फादर एकेकाच्या तळहातावर ठेवत होते. "ख्रिस्ताचं शरीर." "आमेन." चिमणी आमेन म्हणाली, हात तोंडापाशी नेला, आणि तिथून तो अलगद रोजच्या फ्रॉकच्या खिशात गेला.

फादरांनी पाहिलं. आईला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "रविवारी असं झालं तर? हा काही खाऊ नव्हे. हिला अजून उमजलेलं नाही. पुढच्या वर्षी बसवू या."

पुढच्या वर्षी! सासूबाई तर म्हणत, 'चिमणीचा ख्रिस्तप्रसाद झाला की मी सुटले.' पुढचं वर्ष त्या बघणार होत्या का?

"फादर, एक मिनिट," बाई म्हणाल्या. गुडघा दुखत असतानाही त्या चिमणीसमोर खाली बसल्या. "खिशात ठेवलंस. बरं, मग पुढे?"

"घरी नेणार."

"मग पुढे?"

"ही साधीय, मला माहितीये. ही खिशात मोडते का तेवढं बघायचं होतं. रविवारची खरी नेणार. अर्धी माझी, अर्धी आजीची." चिमणीने खिशावर हात ठेवला. "आजी म्हणते, येशू आल्याशिवाय तिच्या तोंडाला चव नाही. तिला इथं येता येत नाही ना."

फादरांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले. "आजी घरी पडून आहेत, आणि मला पत्ताच नाही?"

"घर आवरलं की बोलावणारच होते, फादर," आई पुटपुटली. "नुसता पसारा आहे हो. पाय ठेवायला जागा नाही."

"अहो, तो गोठ्यात जन्मला," बाई म्हणाल्या. "तुमच्या चिंध्यांना घाबरणार होय?"

मग चिमणीकडे वळून म्हणाल्या, "बाळा, तुझ्या वाटणीचा तू तिथेच घ्यायचा. आजीकडे यायचं त्याचं तो बघेल. त्याला खिसा लागत नाही."

"फादर आणतील?"

"आणीन," फादर म्हणाले. "रविवारी, चर्चमधली मिस्सा संपली की लगेच. आणि तू मोठी शहाणी आहेस. पुढच्या वर्षीचं मी काही बोललोच नव्हतो."

रविवारी चिमणीने ख्रिस्तप्रसाद घेतला आणि परतताना, औषध गिळल्यावर दाखवतात तसा, बाईंना आ करून दाखवला. बाईंना हसू आवरेना. त्यांनी ओंजळीत तोंड लपवलं.

घरी ढीग होते तिथेच होते. आईने फक्त मशीनवर फ्रॉकचं उरलेलं पांढरं कापड अंथरलं. बाईंनी त्यावर मेणबत्ती लावली, फादरांनी सोनेरी डबी ठेवली. सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. फादरांनी डबीतला ख्रिस्तप्रसाद पुढे केल्यावर सासूबाईंचं "आमेन" इतकं खणखणीत आलं, की सुनेने चमकून वर पाहिलं.

चिमणी उशाशी सरकली. फ्रॉकच्या आतल्या खिशातून (शिवलाच होता शेवटी आईने) तिने आजीची जपमाळ काढली. "ही पण आली होती चर्चला, तुझ्याबदली," ती कुजबुजली. "आजी, आली का गं चव?"

आजीने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"शू... आत्ताच आलाय. बसू दे त्याला जरा."