सातवा फर्मा

बंबवाल्याने अग्निशमन दल सोडून दोन वर्षं झाली, तरी गल्लीत त्याला बंबवालाच म्हणत. नाव माणसाला एकदा चिकटलं की सुटत नाही, खळीसारखं, असं त्याची आत्या म्हणायची. खळीच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती, कारण चाळीस वर्षं ती पुस्तकं बांधत आली होती.

आत्याचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिवायचं टेबल आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, मागे कागद कापायचं मशीन आणि खळीचं पातेलं. भाचा घरी बसून भिंती मोजतोय असं कळलं, तेव्हा तिने त्याला बोलावून हातात सुई-दोरा दिला. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे एकावर एक रचून शिवायचे. ज्या हातांनी जळती छपरं पाडली त्यांना हे काम सुरुवातीला पोरखेळ वाटलं, पण पहिल्याच दिवशी सुई सात वेळा बोटात घुसली आणि गडी ताळ्यावर आला.

त्याचं झालं होतं असं. एका गोदामाला आग लागली होती. जोडीदार पाइप धरून पुढे, हा मागे बंबाच्या व्हॉल्व्हपाशी. आगीच्या गदारोळात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून त्या लोकांत हाताच्या खुणा असतात. उजवा हात सरळ वर केला की 'पाणी सोड'. जोडीदाराने हात वर केला, ह्याने व्हॉल्व्ह फिरवला, आणि आत सिलिंडर फुटला. हा वाचला. जोडीदार वाचला नाही.

तेव्हापासून दार आपटलं, भांडं पडलं, की हा पुन्हा त्या गोदामापुढे उभा. घाम, थरथर, आणि पाय आपोआप दाराकडे. डॉक्टरबाईंनी त्याला पीटीएसडी असं नाव सांगितलं. "नाव नवं, दुखणं जुनंच," आत्या म्हणाली. "बाईंकडे जायचं चुकवू नकोस आणि हाताला काम ठेव."

ती स्वतः मात्र कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करायच्या आधी दर वेळी ओरडायची, "आपटतेय हं!" गिऱ्हाइकं हसायची. ती खुशाल हसू द्यायची.

घरीही तेच. दारं आपटू नयेत म्हणून बायकोने सगळ्या दारांना नमद्याच्या मऊ पट्ट्या चिकटवल्या होत्या. दहा वर्षांची लेक, चिंगी, ताट दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवायची. पूर्वी ही पोर न्हाणीघरातून हात वर काढून बापाला 'पाणी सोड'ची खूण करायची आणि तो बाहेरून नळ सोडायचा. तो खेळ कधी बंद पडला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. इतक्या लहान पोरीला इतकं शहाणपण आलं की समजावं, घरात काहीतरी बिघडलंय.

अशात आत्याने त्याला एक पुस्तक दिलं. एका निवृत्त मास्तरांनी दोन जुन्या प्रती बांधायला टाकल्या होत्या. एक त्यांनी चिंगीच्या शाळेला भेट दिली आणि स्वतःची न्यायला काही आलेच नाहीत, परगावी गेले. पुस्तक होतं स्टोइक नावाच्या जुन्या तत्त्वज्ञांच्या शिकवणीचं. सार एवढंच, की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातात आहे ते नीट करावं, नाही त्यावर जीव जाळू नये. बंबवाल्याला ते एकदम पटलं. आगीत हेच तर करायचो, वारा कोणीकडून यावा ते आपल्या हातात नाही, पाइप कुठे धरायचा ते आहे.

तो पुस्तकामागे हात धुऊन लागला. वही केली. त्यातल्या एका भागाने तर त्याला झपाटलं. त्यात लिहिलं होतं, की बाहेरच्या कशानेही शहाणा माणूस हलत नाही. आणि गंमत म्हणजे तो भाग पुस्तकात दोनदा होता. बंबवाल्याला वाटलं, एवढं महत्त्वाचं आहे म्हणून लेखकाने पुन्हा सांगितलंय.

झालं. गड्याने न हलण्याचा सराव सुरू केला.

"आत्या, तू न सांगता गठ्ठा आपट."

"मला काय वैरीण समजलास?"

"आपट गं. औषध आहे असं समज."

आत्याने नाइलाजाने आपटला. सुई हातातून उडाली, दोरा तुटला, आणि बंबवाला दाराबाहेर रस्त्यावर. परत येऊन त्याने वहीत लिहिलं, 'नापास'. महिन्याभरात असे तेवीस नापास झाले. शाळेतसुद्धा तो कधी इतका नापास झाला नव्हता. डॉक्टरबाईंना त्याने ह्यातलं काही सांगितलं नाही. पास झालो की सांगू, असा विचार. मग त्याने दुसरी युक्ती काढली. मुळात काही वाटूनच घ्यायचं नाही. हसणं कमी केलं, कारण हसणं म्हणजेही हलणंच. लेक गळ्यात पडली तर ताठ बसून राहायचा.

एक दिवस चिंगीने विचारलं, "बाबा, तू माझ्यावर रागावलायस का?"

"नाही गं."

"मग असा कसा बसतोस? पुतळ्यासारखा?"

त्याने वही उघडून उत्तर शोधलं. तिथे सापडलं नाही.

इतक्या वेळा उघडून पुस्तकाची शिवण ढिली झाली. दुकानात काम कमी असताना त्याने ते उसवून पुन्हा बांधायला घेतलं. फर्मे सुटे केले, पानांचे आकडे बघत रचायला लागला आणि थांबला. सहावा फर्मा, पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव. त्याच्याखाली पुन्हा सहावा फर्मा. मग एकदम आठवा. सातवा नव्हताच. म्हणजे ज्याला तो लेखकाचा ठासून दिलेला उपदेश समजत होता, ती बांधणारीची चूक होती.

त्याला हसू फुटणार होतं. आत्याची चूक! फर्मे तीन वेळा मोजल्याशिवाय जी दोरा ओवत नाही, तिची! आता हिला वर्षभर चिडवायचं, असं ठरवून त्याने मागचा पुठ्ठा उलटला. आत्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने तारीख टाकायची. तारीख गोदामाच्या आगीची होती.

"आत्या," तो म्हणाला, आणि नुसतं पुस्तक पुढे धरलं.

आत्याने चष्मा लावून पाहिलं. मग टेबलाला धरून खाली बसली. "दोन्ही प्रती समोर होत्या. फर्मे लावत होते आणि फोन आला, तू दवाखान्यात आहेस म्हणून. जिवंत आहेस की नाही ते नीट कोणी सांगेना. मग मी ते बांधलं कधी, कसं, मला काही आठवत नाही रे. हातच चालले."

चाळीस वर्षांत तिला रडताना त्याने पाहिलं नव्हतं. त्याने पुतळेपणा सोडला आणि तिला कवेत घेतलं. मग तीच डोळे पुसत खेकसली, "आता जा शाळेत! सातवा तिथल्या प्रतीत दोनदा गेला असणार. आण जा."

शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी प्रत काढून दिली. तिथे सातवा फर्मा खरंच दोनदा होता आणि सहावा गायब. बंबवाल्याने कपाटाला टेकून उभ्यानेच वाचलं. लिहिलं होतं, की अचानक मोठा कडकडाट झाला तर शहाणाही दचकतो, पांढरा पडतो, त्याचंही काळीज धडधडतं. ते शरीराचं आहे. शरीर त्याला विचारून करत नाही. त्यानंतर भीती कानात जे सांगते, त्याला 'हो' म्हणायचं की नाही, शहाण्याचं काम तिथून सुरू होतं.

त्याने ते पान तीन वेळा वाचलं. तेवीस नापास! आणि परीक्षा तर दचकल्यानंतर सुरू होणार होती.

"चिंगीचे बाबा ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "शनिवारी येताय ना कार्यक्रमाला? काय ठोकते हो तुमची पोर तो मोठा ड्रम! बँड तिच्यावरच उभा आहे."

चिंगीने तर घरी सांगितलं होतं, ती खुळखुळा वाजवते.

त्या संध्याकाळी तो तिच्याशेजारी जाऊन बसला. "खुळखुळा कसा चाललाय?"

पोरीचा चेहरा उतरला. "सरांना म्हटलं मी, बदलून द्या. ते म्हणाले, तुझाच हात बसलाय. बाबा, तू येऊ नकोस. मला वाईट नाही वाटणार, खरंच."

वाईट वाटणार होतं ते तिच्या ओठांवरूनच दिसत होतं. "मी येणार," तो म्हणाला. "आणि आधीच सांगून ठेवतो, मी दचकणार. चांगलाच. तू वाजवायचं."

"आणि बाहेर पळालास तर?"

"तर परत येईन."

तसं म्हणाला खरा, पण शनिवारी सभागृहात शिरल्याबरोबर त्याने आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवलं. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून त्याने कडेची खुर्ची घेतली होती. एका बाजूला बायको, मागे आत्या. बँड सुरू झाला. बासऱ्या झाल्या, झांजा झाल्या, आणि सगळी वाद्यं एकदम थांबली. आता मोठ्या ड्रमचे अकरा ठोके.

चिंगीने काठी उचलली आणि काठी वरच राहिली. ती बापाकडे बघत होती. सर मान हलवून खुणावत होते, मुलं एकमेकांकडे बघायला लागली, पोरीची काठी काही खाली येईना.

बंबवाल्याला कळलं, ही माझ्यासाठी थांबलीय. भर कार्यक्रमात ओरडून सांगणं बरं दिसलं नसतं. एक खूण होती. पण जोडीदाराचं त्याने शेवटचं पाहिलं ते तेवढंच होतं, धुरात वर गेलेला एक हात. त्यानंतर त्याने स्वतःचा उजवा हात खांद्याच्या वर कधी नेला नव्हता.

त्याने हात वर केला. सरळ. पाणी सोड.

पोरीने ठोका घातला.

तो खुर्चीवरून ताडकन उठला. तोंड पांढरंफटक, समोर धूर, कानात तोच आवाज: पळ, सगळे मरतील. पाय दोन पावलं दाराकडे गेलेसुद्धा. मग तो थांबला. हात अजून वरच होता आणि त्या हाताकडे बघत पोर दुसरा ठोका घालत होती. 'नाही,' तो त्या आवाजाला म्हणाला, आणि परत येऊन बसला. मागून आत्या प्रत्येक ठोक्याच्या आधी हळूच म्हणत होती, "आपटतेय हं." बायकोने त्याचा डावा हात घट्ट धरला होता. उजवा त्याने शेवटपर्यंत खाली घेतला नाही.

कार्यक्रम संपल्यावर चिंगी धावत आली, दणदण पाय आपटत, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, तू दचकलास! मी बघितलं!"

"हो. चांगलाच."

"उठून निघालाही होतास."

"हो."

"मग?"

"मग काय," तिच्या कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "तुझे अजून दहा राहिले होते ना."