‘सरी’ म्हणण्याआधी

वसुमतीच्या पोस्टकार्डाला मधुकररावांनी उत्तर दिले नव्हते. उत्तर सुचले नाही असे नव्हे. चार-पाच सुचली होती आणि सगळीच झोंबणारी होती. पण कागदावर भांडणेसुद्धा त्यांच्या जिवावर येई. त्यांनी ते कार्ड एका जाड शब्दकोशात खूण म्हणून घातले आणि कोश मिटून टाकला.

वसुमती ही त्यांच्या पत्नीची, हेमलताबाईंची, धाकटी बहीण. निपाणीच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, जिभेने तिखट. या मोबाइलच्या दिवसांत पोस्टकार्ड कशाला, याचे कारण तिने पहिल्याच ओळीत दिले होते : ‘भाऊजी, अक्काला फोन केला की तुम्हीच उचलता. ती कशी आहे ते तुम्हीच सांगता. तिला झोप लागते का, तेही तुम्हीच सांगता. तिचं दुखणं मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. तिला तोंड आहे ना अजून?’

शेवटचा प्रश्न मधुकररावांच्या मनात काट्यासारखा राहिला. बायकोची इतकी काळजी घेणारा माणूस बंगळूरच्या अख्ख्या बनशंकरीत दुसरा दाखवा, असे त्यांना वाटे, आणि ते अगदी खोटेही नव्हते. हेमलताबाईंना संधिवात होता. बोटे सुजत, सकाळी मूठ वळत नसे. चहा मधुकररावच करीत, वेणीसुद्धा वेडीवाकडी का होईना पण तेच घालीत. फक्त डॉक्टरांपुढे तिने बोलायचे, हे त्यांना पटत नसे. आजारी माणूस पाल्हाळ लावतो, डॉक्टरांना वेळ नसतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्यापैकी किती घरांत हे असेच चालते! दुखणे एकाचे आणि बोलणे दुसऱ्याचे.

कार्ड आले त्याच सुमारास ते तिला एका नव्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथेही तसेच झाले. तरुण डॉक्टरांनी हेमलताबाईंना कन्नडमध्ये काहीतरी विचारले. माहेर निपाणीचे, त्यामुळे त्यांचे कन्नड मराठीइतकेच सहज. त्या उत्तर देऊ लागल्या, तोच मधुकररावांनी इंग्रजीत मध्ये तोंड घातले आणि सगळा इतिहास स्वतः सांगितला. मग हेमलताबाईंना रक्त तपासायला आत पाठवले आणि औषध समजावून घ्यायला मधुकरराव एकटेच उरले. डॉक्टरांनी विचारले, कन्नड चालेल ना?

खरे तर मधुकररावांचे कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडे आणि ‘सरी’ म्हणजे बरे, ठीक, या दोन शब्दांच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते. सबंध नोकरी एका सरकारी कारखान्याच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या आड गेली. पण त्यांना एक छंद होता. कन्नड आणि मराठीत सारखे असणारे शब्द ते जमवीत. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता. महाराष्ट्र मंडळात त्यांनी त्यावर एक भाषणही दिले होते, कागदावरून नजर न उचलता. अशा माणसाने कन्नड येत नाही असे कसे म्हणावे? ते म्हणाले, “कन्नड बरुत्ते.” येते.

डॉक्टर भरभर बोलत गेले. बरेचसे डोक्यावरून गेले. एक वाक्य मात्र मधुकररावांना लख्ख कळले, कारण त्यातला शब्द त्यांच्या यादीतला होता : “वारक्के ओंदु. मरीबेडी.” वाराला एक. विसरू नका. सोमवार, मंगळवार, प्रत्येक वाराला एक.

“सरी, सरी,” मधुकरराव म्हणाले. दारावर पुढचा रुग्ण ताटकळत होता. त्यांनी मान हलवली आणि उठले.

चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘ओ. डब्ल्यू.’ अशी अक्षरे होती. ‘ओ. डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, हे त्यांना वाचून ठाऊक होते. ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉटर असणार, पाण्याबरोबर. घरी येऊन त्यांनी हेमलताबाईंना एवढेच सांगितले, “रोज एक.” दुसरी एक पिवळी जीवनसत्त्वाची गोळी होती. जीवनसत्त्वे डॉक्टर उगाच लिहितात असे मानून त्यांनी ती फडताळात ठेवून दिली. आणि सांधे फारच ठणकू लागले तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वेदनाशामक आणून तेही सुरू केले. कुणाला विचारले नाही.

मधुकरराव एकही दिवस विसरले नाहीत. सकाळच्या चहाबरोबर गोळी हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत समोर उभे राहत.

आठवडा होत आला तशी हेमलताबाईंची अन्नावरची वासना उडाली. तोंड आतून सोलवटले. वरणभातसुद्धा झोंबू लागला. मग अंगात कसकस आली.

“मला ही गोळी नको,” एका सकाळी त्या म्हणाल्या. “ही घ्यायला लागल्यापासून हे सगळं झालंय.”

“उष्णता झाली आहे. गुलकंद देतो.”

“डॉक्टरांना फोन करून विचारा तरी.”

“काय विचारू? मला कळलं नव्हतं, म्हणून सांगू? या वयात?” मधुकररावांचा आवाज चढला. असा चढल्याचे त्यांनाही आठवत नव्हते. “तू डॉक्टर आहेस का? मोठा माणूस औषध देतो आणि तू नखरे करतेस. गिळ ती.”

हेमलताबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि गोळी गिळली. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट पुढे आले की भिंतीकडे तोंड करीत. एका स्वयंपाकघरात दोन माणसे वैऱ्यासारखी वावरू लागली. शेजारच्या कृष्णाबाई ताक घेऊन आल्या, तर मधुकररावांनी त्यांनाही दारातूनच परत पाठवले.

अशात एका सकाळी रिक्षातून वसुमती उतरली. पत्राचे उत्तर नाही, म्हणून रातोरात बसने आली होती. पिशवी दारातच टाकून ती सरळ बहिणीच्या खाटेशी गेली. तिला तोंड उघडायला लावले, हात उलटापालटा करून पाहिला. हातावर कुठेही आपटल्याशिवाय उठलेले निळे डाग होते.

“हे कधीपासून?” तिने विचारले.

“उष्णतेचं आहे,” मधुकरराव म्हणाले.

“तुम्हाला नाही विचारलं.”

“माझ्या घरात येऊन माझ्यावरच ओरडायचं? मी काय तिला उपाशी ठेवलंय? औषध एक दिवस चुकवलं नाही मी!”

“कुठलं औषध? कशावरचं?”

“संधिवातावरचं. नाव आहे चिठ्ठीवर.”

“रोज किती?”

“एक. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय.”

“त्यांच्या शब्दांत सांगा. तुमच्या नको.”

मधुकररावांना राग आला, आणि थोडा अभिमानही वाटला. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसे ते स्पष्ट उच्चारात म्हणाले, “वारक्के ओंदु.”

वसुमती काही बोलणार, त्याआधीच खाटेवरून आवाज आला. ओठ नीट मिटत नव्हते, शब्द घोगरे निघत होते, तरी ऐकू आले.

“अहो, कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा.”

दोघेही वळले. हेमलताबाई कोपरावर उठून बसण्याची धडपड करीत होत्या.

“आठवड्याला एक! मला हे शब्द सांगितले असतेत, तर तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही मला शब्द कुठे सांगितलेत? तुम्ही नुसता हुकूम सांगितलात.”

मधुकररावांनी चिठ्ठी काढून पाहिली : ‘ओ. डब्ल्यू.’ म्हणजे ‘वन्स वीकली’. वसुमती रिक्षा थांबवायला धावली आणि जाताना ओरडून सांगून गेली, घरात आहेत तेवढी सगळी पाकिटे बरोबर घ्या, काही लपवू नका.

मोठ्या रुग्णालयात डॉ. हर्षिता यांनी पाकिटे टेबलावर ओळीने मांडली. मेथोट्रेक्सेट हे ते औषध. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी घ्यायचे. रोज घेतले तर हाडांच्या आत जिथे रक्त तयार होते तिथेच घाव घालते. तोंड येणे, ताप, अंगावर डाग ही त्याची हाक असते. त्यात ते वेदनाशामक. सगळी नाही, पण कित्येक वेदनाशामके हे औषध शरीरातून लवकर बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते जोडीला घ्यायचे नव्हते. आणि जी पिवळी गोळी फडताळात पडली होती, ती औषधाचा त्रास आटोक्यात ठेवायलाच दिलेली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या आहेत, उतारा सुरू केला आहे; साधा संसर्गसुद्धा आता जिवावर बेतू शकतो. पुढचे उद्या-परवा कळेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, महादेवपुऱ्याहून, मुलगा आशय ऑफिसमधून तसाच आला. आईला काचेतून पाहून तो बापावर तुटून पडला.

“बाबा, एक कॉल केला असता मला! गूगल केलं असतं तरी दोन मिनिटांत कळलं असतं. एवढा कसला ईगो?” मग तो म्हणाला, त्या डॉक्टरला सोडणार नाही, उद्याच कम्प्लेंट टाकतो.

“टाक,” मधुकरराव घाईने म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार मिळाला होता. “दोष त्यांचाच आहे. इतकं जहाल औषध, आणि ते असं भरभर सांगायचं?”

“आहे ना दोष,” वसुमती म्हणाली. “समजलं का, परत सांगा बघू, असं त्यांनी विचारायला हवं होतं. चिठ्ठीवर पुऱ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, वार घालून. आशय, ते तक्रारीत लिही. पण भाऊजी, ‘सरी’ कोण म्हणालं?”

मधुकररावांनी पाकिटांची पिशवी उगाच उघडून मिटली.

“वर्गात मुलं मान हलवायची ना, तेव्हा मी ओळखायची की यांना काही कळलेलं नाही. ज्याला कळतं तो प्रश्न विचारतो. तुम्ही जन्मभर पुस्तकं वाचलीत. एखादा शब्द अडला की तीन कोश उघडता. आणि बायकोच्या जिवाचा शब्द होता, तर एकदा विचारायची लाज वाटली? ‘मला कळलं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. त्यानं माणूस लहान होतो?”

“वसू, पुरे.”

“पुरे नाही. औषध तिच्या पोटात जाणार होतं. मग डॉक्टरांच्या खोलीत तिला बसवून का नाही ऐकून घेतलं? आपल्याकडे बाईच्या दुखण्याचाही कारभार पुरुषाच्या हातात. ती नको म्हणाली, तोंड दाखवलं, तेव्हाही तुम्हाला स्वतःचंच खरं करायचं होतं. औषधानं नाही हो, तुमच्या हट्टानं तिला इथं आणलंय.”

मधुकरराव बाकावरून उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. वसुमतीचा त्यांना संताप आला होता. तिचे प्रत्येक वाक्य खोडून काढावे म्हणून त्यांनी मनाशी जुळवाजुळव करून पाहिली. एकही खोडता येईना! ‘गिळ ती’ हे आपलेच शब्द मात्र पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले. जन्मभर आपण स्वतःला लाजाळू समजत आलो. डॉक्टरांपुढे जी जीभ उचलली नाही, ती घरात तिच्यावर बरी उचलली. या भित्रेपणाला लाज म्हणायचे?

दोन दिवस कुणी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रक्त सुधारू लागल्याची बातमी आली. फेरीच्या वेळी डॉ. हर्षिता खाटेशी आल्या आणि सवयीने मधुकररावांकडे वळून बोलू लागल्या. ते उठले.

“मला नीट कळत नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारले नव्हते. “कृपा करून तिला सांगा. कन्नडमध्ये. ती तुम्हाला परत म्हणून दाखवील. चुकली तर दुरुस्त करा. मी ऐकतो.”

हेमलताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत क्षमा नव्हती, पण भिंतीकडे वळलेले तोंड इकडे आले होते.

कित्येक आठवड्यांनी, रक्त पूर्ववत झाल्यावर, तेच औषध पुन्हा सुरू झाले, कमी प्रमाणात. दर शुक्रवारी. शनिवारी पिवळी गोळी. मध्ये मध्ये रक्ताची तपासणी. ताप आला किंवा तोंड आले, तर गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन. हे सारे हेमलताबाई डॉक्टरांपुढे न अडखळता म्हणाल्या. तेच औषध, तीच बाई. आता हळूहळू मूठ वळू लागली. औषध शत्रू नव्हतेच. न समजून घेतलेले औषध शत्रू होते.

वाचकहो, तुमच्या-आमच्या फडताळातही अशी पाकिटे पडलेली असतात. त्यांतली गोळी कशासाठी, किती आणि केव्हा घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, काय झाले तर थांबून विचारायचे, हे ज्याच्या पोटात ती जाते त्याला ठाऊक आहे का? डॉक्टरांपुढून उठण्याआधी ते आपल्या शब्दांत एकदा परत म्हणून दाखवा. लोक हसतील तर हसू द्यात. एकदा अडाणी दिसण्याची लाज सोसते. आपल्या ‘सरी’ने कुणाचा जीव गेला, तर ती कशी सोसणार?

एका दुपारी मधुकररावांनी शब्दकोश उघडून वसुमतीचे कार्ड बाहेर काढले. टपाल कचेरीतून आणलेले कोरे कार्ड आणि पेन त्यांनी हेमलताबाईंपुढे ठेवले.

“उत्तर राहिलंय,” ते म्हणाले. “तुला विचारलंय तिनं.”

हेमलताबाईंनी बोटे दोन-तीनदा मिटून उघडली आणि लिहायला घेतले. अक्षर मोठे, वाकडे येत होते. मधुकरराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हेमलताबाईंचे लिहून झाल्यावर मधुकररावांनी कार्ड उपडे घेतले आणि त्यावर फक्त पत्ता घातला.

पोस्टकार्ड उघडेच असते, कुणीही वाचावे. पेटीपर्यंतच्या रस्त्यात त्यांना दोनदा मोह झाला. पण पत्त्याची बाजू वर ठेवूनच त्यांनी ते पेटीत सोडले.